पहिली ते चौथी, पाचवी ते दहावी

४ डिसेंबर

धाकटे,

पत्र फाडून टाकणार असशील तर आधी वाच आणि मग खुशाल फाड. तू कशी आहेस वगैरे विचारत बसत नाही. आई दर रविवारी तुझ्याशी फोनवर तासभर बोलते आणि फोन ठेवला की मला सांगते, "ती बरी आहे." तासभराच्या बोलण्यातून माझ्या वाट्याला एवढंच येतं. आणि मीही खोदून विचारत नाही, माझंही नाक आहेच.

लिहायचं कारण शाळा. आज मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं आणि "बसा" म्हणाल्या. तेव्हाच मी काय ते समजले, कारण चांगली बातमी असली की त्या जिन्यात जाता-जाता सांगून मोकळ्या होतात. तर पुढच्या वर्षीपासून शाळेत संगीताचा एकच विभाग राहणार आहे. एक तर पहिली ते चौथी, नाहीतर पाचवी ते दहावी. दोन्ही चालवणं व्यवस्थापनाला झेपत नाही म्हणे. फेब्रुवारीत वार्षिक कार्यक्रम आहे. त्यात लहानांचं एक गाणं होईल, मोठ्यांचं एक होईल, मंडळी ऐकतील आणि कुठला विभाग ठेवायचा ते ठरवतील.

आता गंमत बघ. लहान राहिले तर मी राहते. मोठे राहिले तर मी घरी, कारण पाचवीपासून पुढे पदवी असलेली शिक्षिका लागते आणि बाबांनी समोर बसवून शिकवलं त्यापलीकडे माझ्याकडे काहीच नाही. तू ऐन सहामाहीच्या तोंडावर निघून गेलीस तेव्हापासून तुझे वर्ग माझ्याकडे आहेत ते "तात्पुरती व्यवस्था" म्हणून. म्हणजे मोठी मुलं कार्यक्रमात आपटली तर माझं भलं होणार, आणि त्यांना तयार करायचं कामही माझ्याच गळ्यात. हे मोठ्या बाईंना कळत नाही असं नाही. चांगलं कळतंय, म्हणून तर त्या माझ्याकडे न बघता पेपरवेट फिरवत होत्या.

शिक्षकांच्या त्या बैठकीत सगळ्यांसमोर तू म्हणालीस की ताई चौथीपर्यंत पोपट तयार करते, ऐकलं की म्हणणारे. मग मीही म्हटलं की तू त्यांचे कारकून करतेस, फळ्यावर लिहिल्याशिवाय तोंड न उघडणारे. तू ते मनाला लावून घेऊन दुसऱ्या शहरातली नोकरी धरलीस. मनाला मीही लावून घेतलं होतं, पण मला कुठे जायला नव्हतं, म्हणून इथेच राहिले.

मला तुझ्याकडून काही नकोय. तुझ्या वर्गांचा प्रश्न आहे तेव्हा तुला कळवावं, एवढंच.

ताई

१९ डिसेंबर

धाकटे,

तुझ्या नववीपुढे मी हात टेकले.

मी आपली माझ्या पद्धतीने गेले. म्हटलं, मी एक ओळ म्हणते, तुम्ही मागून म्हणा. तर सगळा वर्ग फळ्याकडे बघत बसला. फळा कोरा होता. मी पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच. शेवटी खडू घेऊन मला येते तशी स्वरलिपी लिहिली, तर तुझी ती भोंगा, अजून सगळे तिला भोंगाच म्हणतात आणि तिला त्याचं काही वाटत नाही, ती उभी राहून म्हणाली, "बाई, तिसऱ्या ओळीत कोमल नी असेल ना? नाहीतर तुम्ही आत्ता म्हणालात ते वेगळं होतं." बरोबर होतं तिचं. मी गाते ते मला लिहिता येत नाही आणि त्यांना लिहिलेलं नसलं तर गाता येत नाही. आपण दोघींनी एकाच शाळेत, एकाच पेटीवर, इतकी वर्षं हे असं करून ठेवलंय.

बरं, लिहिलं. मुली गायला लागल्या. मुलगे मात्र दातखीळ बसल्यासारखे गप्प. पुढच्या बाकापासून मागच्या बाकापर्यंत एकजात. मी विचारलं, काय रे, उपास आहे का आवाजाचा? एकजण म्हणाला, "आमचा आवाज खराब आहे, बाई." बाकीच्यांनी माना डोलावल्या. आठवीतही तेच, दहावीतही तेच. मला तर वाटतंय हे तुझ्यासाठी चाललंय. त्यांची बाई गेली म्हणून माझ्यावर रुसलेत.

खरं सांगू? त्या दिवशी घरी येताना माझं पाऊल हलकं पडत होतं. लहानांचं गाणं छान बसतंय, मोठ्यांचं काही खरं नाही, मी राहणार. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत मी खुशीत होते. मग भाजी घेताना स्वतःचाच असा राग आला की दुकानदाराशी उगीच भांडले. त्या बिचाऱ्याला कळेना की बाईंना आज झालंय काय.

तेव्हापासून एका जागी बसवत नाही. भांडी घासलेलीच पुन्हा घासते. आई म्हणते, "अगं, त्या पातेल्याला भोक पडेल."

मुलगे तुझ्याकडे गायचे ना? मला आठवतंय, गायचे. काय करायचीस तू? कळवलंस तर कळव.

ताई

८ जानेवारी

धाकटे,

काल रविवारी फोन ठेवून आई स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "ती विचारत होती, पहिलीच्या पोरांना तू सुरात कसं आणतेस? तिकडे पाचवीच्या वर्गात एकही पोर सुरात येत नाही म्हणे. त्यांच्याकडून लहानपणी कुणी गाऊनच घेतलेलं नाही."

मी म्हटलं, "तिला तोंड नाही का मला विचारायला?"

आई म्हणाली, "तुला तरी कुठे आहे? तूही पत्रंच लिहितेस." आणि डाळ निवडायला बसली. या घरात मला कुणी एका शब्दानेही जिंकू देत नाही.

मी विचारलेल्या प्रश्नावर तू ताकास तूर लागू दिली नाहीस आणि स्वतःचा प्रश्न मात्र आईच्या तोंडून पाठवलास. मनात आलं होतं की मीही तुझ्या तोंडाला पानं पुसावीत. पण तुझ्या त्या पाचवीच्या पोरांनी माझं काय घोडं मारलंय? म्हणून सांगते.

मी त्यांना सूर शिकवतच नाही. मी हजेरी घेते. तू माझ्या वर्गात पाऊल ठेवलं नाहीस कधी, म्हणून तुला माहीत नाही. मी एकेकाचं नाव एका सुरात गाते आणि मुलाने त्याच सुरात "हजर" म्हणायचं. हे गाणं आहे असं त्यांना सांगायचं नाही. त्यांना वाटतं, या बाईंची हाक मारायची तऱ्हाच अशी आहे. पहिल्या महिन्यात निम्मी पोरं भलतीकडेच "हजर" म्हणतात. तेव्हा त्यांना चूक म्हणायचं नाही, पुन्हा म्हण असंही म्हणायचं नाही. पोर ज्या सुरात बोललं त्या सुरात आपण जायचं. तिथे त्याच्याशी जरा बोलायचं, डबा खाल्लास का, दप्तरात काय आहे, सगळं त्याच्याच सुरात. मग बोलता-बोलता अर्धं पाऊल आपल्या बाजूला सरकायचं. ते बोट धरल्यासारखं मागून येतं. यंदा एक भिंगरी आहे, एका जागी उभी म्हणून राहत नाही. तिला आणायला मला सहामाही लागली. परवा ती माझ्या आधीच बरोबर सुरात "हजर" म्हणाली, तिचं नाव घ्यायच्या आत. मला इतकं बरं वाटलं की मी तिची हजेरी दोनदा घेतली.

पाचवीच्या मुलांना याची लाज वाटेल, ती मोठी झालीत. पण करून बघ. आणि सूर त्यांचा घे, तुझा लादू नकोस. एवढं सांभाळलंस तर बाकीचं होतं.

हे पोपट तयार करण्याचं तंत्र तुला फुकट दिलंय.

ताई

२३ जानेवारी

धाकटे,

गेल्या आठवड्यापासून मला एक गोष्ट माहीत होती आणि मी मूग गिळून बसले होते. आता सांगून टाकते, नाहीतर ती पातेली खरंच फुटतील.

मधली सुट्टी संपत आली होती. मी डस्टर धुवायला मागच्या नळांकडे निघाले होते, तर जिन्यातच थांबले. नववीचे मुलगे हात धुता-धुता गात होते, आपलंच कार्यक्रमाचं गाणं. एकजण बादली वाजवत होता. सुरात होते गं. सगळे. भरदार, खालच्या पट्टीत, कुणी न सांगता एकत्र. "आमचा आवाज खराब आहे" म्हणणारे हेच ते.

मी जिन्यात उभी राहून मनात पेटीच्या पट्ट्या चाचपल्या. ते काळी एकला गात होते. आणि मी वर्गात सा धरते काळी चारला. नोकरीला लागले तेव्हापासून तिथेच धरते, कारण लहान पोरांचा गळा तिथे बसतो, माझाही तिथेच बसतो. मुलींचं कुठे अडत नाही. पण मिसरूड फुटलेल्या मुलांचा आवाज आता खाली उतरलाय. काळी चारला वरच्या ओळी घ्यायच्या तर त्यांना किंचाळावं लागतं, आणि मुलींसमोर किंचाळण्यापेक्षा त्यांनी तोंड मिटून घेतलं. रुसवा नाही न् काही नाही. तू त्यांना वेगळी पट्टी देत असणार, त्यात तुला सांगण्यासारखं काही वाटलंच नसेल. मी कधी चौथीच्या वर गेलेच नव्हते, मला कुठून कळणार?

आणि बघ ना, पंधरा दिवसांपूर्वी मीच तुला लिहिलं होतं, सूर त्यांचा घे, तुझा लादू नकोस. पहिलीच्या पोरापुढे कमरेतून वाकणारी मी, या दांडगटांना माझ्या सुरात ओढत होते.

आता कुणीही म्हणेल, मग दुसऱ्या दिवशी पट्टी बदलली असशील. नाही बदलली. त्यानंतरच्या तासालाही काळी चारच धरली, त्याच्या पुढच्याही तासाला. मुलगे गप्प, मी गप्प. ते कार्यक्रमात असेच मुके उभे राहिले की माझं काम झालं असतं. मी काही वाईट केलं असं कुणाला म्हणताही आलं नसतं. मी तर त्यांना मनापासून शिकवत होते, सगळ्या शाळेने पाहिलं होतं. जेवताना घास तोंडात फिरायचा. पण नोकरी जाण्याची भीती घासापेक्षा मोठी असते, तुला कधी कळलं नाही ते. तुझ्याकडे पदवी होती. तू उठलीस आणि गेलीस.

मग काल तास सुरू व्हायच्या आधी भोंगा माझ्या टेबलापाशी आली. म्हणाली, "बाई, मुलांनी मला विचारायला पाठवलंय. आम्ही मागे उभे राहून नुसते ओठ हलवले तर चालेल का, म्हणतायत. म्हणजे तुमचं गाणं खराब होणार नाही."

तुमचं गाणं, म्हणाली. माझं गाणं खराब होऊ नये म्हणून ती पोरं आयुष्यभर स्वतःला बेसूर समजायला तयार झाली होती. उद्या मोठी होतील, घरात कुणी गुणगुणलं तर म्हणतील, आम्हाला नाही बाबा येत. मला माझी इतकी लाज वाटली की क्षणभर तिच्याकडे बघवेना.

मी पेटी उघडली, काळी एक दाबली आणि मुलांना म्हटलं, इथून म्हणा. आधी एकमेकांकडे बघत बसले. मग मागच्या बाकावरून एकाने सुरुवात केली आणि बाकीचे त्याच्या मागे आले. एक ओळ मुलींची काळी चारला, दुसरी मुलांची काळी एकला, अशी आलटून-पालटून. गणिताचे सर शेजारच्या वर्गातून तक्रार करायला आले होते, ते दारातच टेकून उभे राहिले आणि तक्रार न करता परत गेले. मला आनंद झाला, धाकटे. आणि घरी येऊन पातेली पुन्हा घासली.

ताई

१७ फेब्रुवारी

धाकटे,

झाला कार्यक्रम.

लहान गोड गायले. अगदी सुरात. भिंगरीला मधेच तिचा बाप दिसला, तिने गाता-गाता वळून त्याला हात केला आणि सगळं सभागृह हसलं. लोकांना लहान मुलं चुकलेली आवडतात. ती सुरात होती हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मोठ्यांच्या वेळी पहिली ओळ मुलींची झाली. नंतर मुलगे खालच्या सुरात आले आणि लोक खुर्चीत सरळ बसले. व्यवस्थापनाच्या अध्यक्षांनी मोबाइल खाली ठेवला. तुझी मुलं, मान वर करून, फळ्याशिवाय गायली. हे माझं, बरं का. तोंडपाठ मी करून घेतलं होतं.

आज मोठ्या बाईंनी पुन्हा "बसा" म्हटलं. पाचवी ते दहावी राहणार. "लहानांचं काय हो," त्या म्हणाल्या, "चार गाणी काय, वर्गशिक्षिकाही घेतील. खरी तयारी वरच्या वर्गांत दिसते." मी त्यांना विचारलं, वरच्या वर्गांत जे दिसतं ते खालून येतं असं नाही वाटत तुम्हाला? त्या म्हणाल्या, "तुम्हाला वाईट वाटणं साहजिक आहे." हे वाक्य मला अजून चावतंय.

त्या तुला फोन करणार आहेत. जागा तुझी आहे, तू परत यावंस अशी सगळ्यांची इच्छा आहे. तर सरळ हो म्हण. माझ्यासाठी नाही म्हणायचा मोठेपणा करू नकोस, तो मला पेलायचा नाही. मुलं चांगली आहेत, तयार आहेत. मुलांना काळी एक लक्षात ठेव म्हणून तुला मी काय सांगायचं.

माझं म्हणशील तर मला आज सकाळपासून राग आलाय आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही. शिपाईमामांनी दोनदा चहा आणून दिला, दोन्हीदा गार झाला. पुढच्या वर्षी पहिलीची हजेरी कुणीतरी घेईल. नाव वाचतील, पोरं "हजर" म्हणून ओरडतील, झालं. चार-पाच वर्षांनी ती तुझ्याकडे येतील आणि तुला वाटेल, यंदाची मुलं अशी का? आईला विचारून बघ तेव्हा. मी सांगणार नाही.

आईला अजून काही बोलले नाही. तूही रविवारी बोलू नकोस. मला माझ्या तोंडाने सांगायचंय.

ताई

२ मार्च

धाकटे,

तू एक नंबरची दुष्ट आहेस.

इतकी पत्रं लिहिली, तू एकाला उत्तर दिलं नाहीस. आणि जे मला लिहायचं ते तू मोठ्या बाईंना फोनवर सांगितलंस, तेही हिशेबाच्या बाई आणि शिपाईमामा खोलीत असताना. मोठ्या बाई नेहमी फोन सगळ्यांना ऐकू जाईल असाच ठेवतात हे तुला काय माहीत नाही? शाळाभर झालं. मला सगळ्यात शेवटी कळलं.

मोठ्या बाईंनी मला सांगितलं ते असं. त्या तुला म्हणाल्या, जागा तयार आहे, जूनपासून या. तू विचारलंस, "पहिलीला कोण शिकवणार?" त्या म्हणाल्या, वर्गशिक्षिका सांभाळतील. तर तू म्हणालीस, "मग मला नको. मी इथे पाच महिने बघतेय, खालून कुणी गाऊन घेतलेलं नसलं की पाचवीत मला काहीच शिकवता येत नाही. तिथे मला जे शिकवता येत होतं ते ताईच्या हातून आलेल्या मुलांना. तिच्या हातची मुलं देणार असाल तर येते."

मोठ्या बाईंनी हे मला जसंच्या तसं सांगितलं आणि पेपरवेट फिरवायचा थांबवला. मी त्यांच्यासमोर रडले. आजवर त्या खोलीत मी कधी रडले नव्हते, त्या बैठकीनंतरही नाही. हे मला तुझ्याकडून ऐकायचं होतं, माझ्या घरात, माझ्या कानांनी. ते तू सरकारी काम असल्यासारखं तिसऱ्याच्या हाती पाठवलंस. पण पाठवलंस.

पुढचं ऐक. अध्यक्षांना तूच हवी आहेस. कार्यक्रमानंतर पालकांनी त्यांचं डोकं खाल्लंय की लहान-मोठ्या कुठल्याच मुलांचं गाणं बंद करू नका. तेव्हा तोड अशी निघाली की दोन्ही विभाग ठेवायचे, पण आपण दोघींनी अर्धा-अर्धा दिवस करायचा. सकाळी माझी पहिली ते चौथी, दुपारी तुझी पाचवी ते दहावी. पगारही अर्धा. खोली एकच, पेटी एकच. म्हणजे मधल्या सुट्टीत मी बाहेर पडताना तू आत येणार, रोज. मी पट्टी कुठे ठेवून गेले यावरून तू नाक मुरडणार, तू फळा न पुसता गेलीस म्हणून मी तणतणणार. आईला दोन्ही बाजू ऐकाव्या लागतील आणि ती डाळ निवडत बसेल.

मी सगळं ऐकून घेतलं. डोळे पुसले. मोठ्या बाईंनी कागद पुढे ओढला आणि लिहायच्या आधी मला विचारलं, "तुमचं दोघींचं जमेल ना?"

मी म्हटलं, "नाही जमणार. पण तिला येऊ द्या."

ताई